पान कुठून आलं, कुठं गेलं: फ्लटर ॲपमध्ये पेज ट्रान्झिशन बसवताना

कोल्हापुरात चप्पल लाईनीत माझ्या मित्राच्या काकांचं दुकान आहे. त्यांच्यासाठी ॲप केलं तेव्हा मी ॲनिमेशन नुकतंच शिकलो होतो, आणि नवा शिकलेला डाव पहिल्याच कुस्तीत टाकून बघायची जी खुमखुमी असते ती अंगात होती. यादीचं पान उजवीकडून सरकत यायचं. चपलेचं पान गोल फिरत मोठं व्हायचं. कार्ट वरून पडायचं आणि चेंडूसारखं दोनदा उसळायचं. काकांनी कापशी चपलेच्या फोटोवर बोट ठेवलं, पान गरगरलं, आणि त्यांनी मोबाईल काउंटरवर पालथा ठेवला.

"आरं, ह्ये फिरतंय कशापाई? गिऱ्हाईक चप्पल बघाय आल्यालं असतंय, जत्रंतल्या पाळण्यात बसाय न्हवं."

मी हसण्यावारी नेलं. पण मग त्यांना म्हटलं, "काका, आता कार्टमधनं परत यादीवर जावा बघू." त्यांना ते जमेना. यादी उजवीकडून आली होती, कार्ट वरून. आता मागे जायचं म्हणजे कुठल्या दिशेला, हे पडद्यावरचं काहीच सांगत नव्हतं. त्या दिवशी डोक्यात शिरलं की पेज ट्रान्झिशनचं काम एवढंच: आपण कुठून आलो आणि परतीची वाट कुठली, हे न बोलता सांगायचं. खाली जे लिहितोय ते ते ॲप उसवून पुन्हा शिवताना केलेलं काम आहे. फ्लटर (गूगलची ॲप बांधायची चौकट) आणि डार्ट (तिची भाषा) येतं, नॅव्हिगेटरने एका पानावरून दुसऱ्यावर जाता येतं, इतकं गृहीत धरलंय. क्लास आणि विजेटची (पडद्यावरच्या घटकांची) नावं इथे देवनागरीत आहेत. एडिटरमध्ये इंग्रजीत पहिली चार अक्षरं टाकली की पुढचं तो सुचवतोच.

आधी कागद, मग कोड

ॲपमधली सगळी पानं एका कागदावर चौकोन काढून मांडा आणि त्यांच्यामध्ये रेघा ओढा. प्रत्येक रेघेवर लिहा की हे नातं कसलं आहे. माझ्या अनुभवात नाती तीनच जातीची निघतात.

अंबाबाईच्या देवळात महाद्वारातून आत शिरता, मग मंडप, मग गाभारा. प्रत्येक पायरीला तुम्ही अधिक आत जाता आणि परत येताना त्याच वाटेने बाहेर पडता. ॲपमधलं यादी आणि चपलेचं पान हे नातं असं आहे. दुसरं नातं शेजारच्या दुकानांचं: एकातून निघालात, दुसऱ्यात गेलात, दोन्ही एकाच पातळीवर. खालच्या पट्टीवरचे टॅब म्हणजे 'दुकान', 'ऑर्डरी', 'माझं खातं' हे शेजारी. तिसरं नातं तात्पुरतं. दुकानदार गल्ल्याखालून मापाची पट्टी काढतो, पाय मोजतो, पट्टी परत आत. फिल्टर, माप निवडणं, पत्ता बदलणं या गोष्टी तशा खालून वर येतात आणि काम झालं की खाली जातात.

कागदावर हे झालं की हालचाल जवळजवळ ठरलेलीच असते. आत शिरायचं असेल तर पान उजवीकडून यावं किंवा ज्या वस्तूवर बोट ठेवलं तिच्यातूनच उमलावं. शेजाऱ्याकडे जायचं असेल तर नुसतं विरघळून दिसावं, किंवा काहीच करू नये. तात्पुरतं असेल तर खालून. चपलेच्या ॲपमध्ये चौदा रेघा होत्या आणि त्यातल्या नऊ ठिकाणी मला स्वतःचं काहीच लिहावं लागलं नाही.

कारण फ्लटर ठरावीक ट्रान्झिशन देतोच. मटेरियलपेजराउट वापरलात तर आयफोनवर पान उजवीकडून सरकत येतं, आणि अँड्रॉइडवर त्या त्या फ्लटर आवृत्तीचं ठरावीक ट्रान्झिशन लागू होतं. अँड्रॉइडवरचं हे आवृत्तीप्रमाणे बदलत आलंय, त्यामुळे फ्लटर अपग्रेड केल्यावर ॲप 'वेगळंच वाटतंय' असं कुणी म्हणालं तर आधी तिथे बघा. गिऱ्हाइकाला त्याच्या फोनची सवय असते. ती मोडायला सबळ कारण असेल तरच मोडा.

पहिलं स्वतःचं ट्रान्झिशन

पत्ता, पैसे कसे देणार, आणि शेवटची तपासणी अशी ऑर्डरीची तीन पानं होती. ती एकापुढे एक सरकावीत असं मला वाटत होतं. त्यासाठी पेजराउटबिल्डर लागतो. नॅव्हिगेटर डॉट पुशमध्ये मटेरियलपेजराउटच्या जागी हा द्यायचा. त्याला दोन फंक्शनं द्यावी लागतात. पेजबिल्डर म्हणजे कुठलं पान दाखवायचं. ट्रान्झिशन्सबिल्डर म्हणजे ते कसं आणायचं. हे फंक्शन नाही दिलं तर पान कसलीही हालचाल न करता थेट समोर येतं.

ट्रान्झिशन्सबिल्डरला चार गोष्टी मिळतात: काँटेक्स्ट, ॲनिमेशन, सेकंडरी ॲनिमेशन आणि चाइल्ड. चाइल्ड म्हणजे तुमचं पान. ॲनिमेशन म्हणजे पान उघडताना ० पासून १ पर्यंत जाणारा आकडा; मागे गेलात की तोच १ पासून ० वर येतो. म्हणजे परतीचं ट्रान्झिशन वेगळं लिहावं लागत नाही.

आता या ०–१ आकड्याची जागा करायची. त्यासाठी ट्वीन: सुरुवात ऑफसेट (१, ०), शेवट ऑफसेट झीरो. इथला १ पिक्सेल नव्हे. तो पानाची स्वतःची पूर्ण रुंदी. म्हणून कुठल्याही मापाच्या फोनवर पान बरोबर कडेच्या बाहेरून निघतं. दुसरा आकडा उभ्या दिशेचा, आणि खालची बाजू अधिक धरलेली आहे, म्हणून खालून आणायचं असेल तर (०, १). हा ट्वीन कर्व्हट्वीनला चेन करा, ॲनिमेशन डॉट ड्राइव्हमध्ये द्या, आणि जे मिळेल ते स्लाइडट्रान्झिशनच्या पोझिशनला देऊन त्याच्या पोटात चाइल्ड ठेवा. झालं.

एक खाच इथेच सांगून ठेवतो. बऱ्याच उदाहरणांत याच जागी कर्व्हडॲनिमेशन नावाची वस्तू तयार केलेली दिसते. ट्रान्झिशन्सबिल्डर प्रत्येक फ्रेमला पुन्हा चालतो, त्यामुळे दर फ्रेमला एक नवी वस्तू तयार होते आणि तिला मोकळं कोणी करत नाही. ड्राइव्ह आणि कर्व्हट्वीनच्या जोडीला ही भानगड नाही.

केएमटीची बस आणि कर्व्ह

कर्व्ह म्हणजे हालचालीचा वेग कसा चढतो-उतरतो ते. तो दिला नाही तर हालचाल लिनिअर होते: सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच वेग, आणि मग एकदम थांबा. केएमटीची बस राजारामपुरीच्या थांब्यावर त्याच वेगात येऊन जागेवर खिळली तर उभे असलेले सगळे ड्रायव्हरच्या अंगावर जातील. चांगला ड्रायव्हर लांबूनच वेग उतरवत आणतो. पडद्यावर येणाऱ्या पानाला तेच हवं: वेगात या, हळू होत बसा. या कर्व्हचं नाव ईझआउट. जास्त ठसठशीत हवा असेल तर ईझआउटक्युबिक. मी बहुतेक ठिकाणी दुसरा वापरतो.

यातली गंमत अशी की मागे जाताना हाच कर्व्ह उलटा चालतो, म्हणजे पान हळू सुटतं आणि वेग घेत बाहेर पडतं. थांब्यावरून निघालेली बसही तशीच जाते. त्यामुळे परतीसाठी वेगळा कर्व्ह शोधत बसायची गरज क्वचितच पडते.

बाउन्स आणि इलास्टिक हे कर्व्ह पानांना लावू नका. छोट्या बदामाच्या खुणेला, 'आवडलं' दाबल्यावर, चालतील. अख्खं पान उसळलं की त्यावरचा मजकूर वाचायला थांबावं लागतं, आणि रोज दहा वेळा ॲप उघडणाऱ्या माणसाला त्याचा तिसऱ्या दिवशी वीट येतो.

वेळ किती द्यायचा? पेजराउटबिल्डरचा ठरावीक वेळ ३०० मिलिसेकंद आहे, जाताना आणि येतानाही. मी जाताना ३०० ठेवतो आणि रिव्हर्सट्रान्झिशनड्युरेशन २०० करतो. आत येताना माणूस नवं काहीतरी बघत असतो. मागे जाताना त्याला ते आधीच माहीत असतं, त्याला ताटकळत ठेवायचं कारण नाही. ५०० च्या वर गेलात तर गिऱ्हाइकाला वाटतं नेट स्लो आहे. काकांनी पहिल्या आवृत्तीत प्रत्येक गोष्ट दोनदा दाबली होती, ते याचमुळे. माझी पानं ८०० मिलिसेकंदांची होती.

खालचं पान का हलत नाही

नवं पान सरकत आलं, पण जुनं पान जागेवर ढिम्म. आयफोनवर बघा: नवं पान उजवीकडून येतं तेव्हा जुनं किंचित डावीकडे सरकतं, आणि दोन्ही पानं एकावर एक रचलेल्या कागदांसारखी वाटतात. हे सेकंडरी ॲनिमेशनचं काम. माझे दोन दिवस इथे गेले, म्हणून जरा थांबून सांगतो.

सेकंडरी ॲनिमेशन तुमच्या पानावर दुसरं पान चढतं तेव्हा चालतं. म्हणजे पत्त्याच्या पानावरून पैशांच्या पानावर जाताना पत्त्याचं पान हलवायचं असेल, तर तो कोड पत्त्याच्या पानाच्या राउटमध्ये असायला हवा. मी तो पैशांच्या पानात लिहीत बसलो होतो. प्रत्येक पानाने दोन गोष्टी स्वतः सांभाळायच्या: मी कसं येतो, आणि माझ्यावर कुणी आलं तर मी कसा बाजूला होतो. कोडमध्ये एकाच्या पोटात एक अशी दोन स्लाइडट्रान्झिशनं होतात. बाहेरच्याला सेकंडरी ॲनिमेशन, शून्यापासून (-०.२५, ०) पर्यंत, आतल्याला नेहमीचं ॲनिमेशन.

आणखी एक. जुनं पान मटेरियलपेजराउटने उघडलेलं असेल आणि नवं पेजराउटबिल्डरने, तर जुनं बऱ्याचदा हलतच नाही. मटेरियलचा राउट आपल्यावर कोण येतंय हे बघूनच हालचाल करायची की नाही ते ठरवतो. एका ओळीतल्या पानांना एकच जातीचा राउट द्या, म्हणजे हे कोडं पडत नाही.

हिरो: फोटो उचलून पुढच्या पानावर

चपलेच्या ॲपमधलं सगळ्यात कामाचं ट्रान्झिशन हेच ठरलं. यादीत छोटा फोटो, त्यावर बोट ठेवलं की तोच फोटो उडत जाऊन पुढच्या पानावर मोठा होतो. गिऱ्हाइकाच्या मनात शंका उरत नाही की आपण जी दाबली तीच चप्पल उघडली. कच्छकडी आणि पुकरी या प्रकारांच्या चपलांच्या फोटोंत नवख्याला पटकन फरक कळत नाही, तिथे ही खात्री लाखमोलाची.

करायला सोपं: दोन्ही पानांवरच्या फोटोंना हिरो विजेटमध्ये गुंडाळा आणि दोघांना एकच टॅग द्या. टॅग म्हणून वस्तूचा आयडी वापरा. मधलं उड्डाण फ्लटर सांभाळतो. सोपं इथपर्यंतच. पुढच्या अडचणी मला ज्या क्रमाने भेटल्या त्याच क्रमाने देतो.

पहिल्या पानावर 'नवीन आलेल्या' आणि 'जास्त खपणाऱ्या' अशा दोन ओळी होत्या, आणि एक कापशी दोन्हींत होती. एकाच पानावर एकच टॅग दोनदा आला की पान बदलताना फ्लटर एरर देतो. टॅगमध्ये ओळीचं नाव जोडा, 'नवीन-४२', 'खप-४२' असं, आणि कुठल्या ओळीतून आलो ते पुढच्या पानाला कळवा. हीच चूक तरंगत्या गोल बटणांमुळेही होते: फ्लोटिंगॲक्शनबटणाला आपला ठरावीक हिरो टॅग असतो. एका पानावर अशी दोन बटणं ठेवलीत तर एकाचा हिरोटॅग नल करा.

मग मी उत्साहात किमतीलाही हिरो केलं. उडताना किमतीखाली पिवळ्या दुहेरी रेघा आल्या. उड्डाण चालू असताना हिरो आपल्या पानातून बाहेर, सगळ्यांच्या वरच्या थरात जातो, आणि तिथे त्याला मटेरियलचा आधार नसतो. मजकूर मटेरियल विजेटमध्ये गुंडाळा, त्याचा प्रकार ट्रान्सपरन्सी ठेवा, रेघा जातील. पुढे मी किमतीचा हिरो काढूनच टाकला. एका पानावर एकच गोष्ट उडावी.

सगळ्यात चिवट अडचण फोटोची होती. बोट ठेवल्यावर फोटो क्षणभर गायब व्हायचा आणि मग मोठा होऊन दिसायचा. कारण असं: उडताना फ्लटर डीफॉल्टने जिथे पोचायचं तिथला हिरो दाखवतो, म्हणजे मोठा फोटो, आणि तो अजून लोडच झालेला नसतो. उपाय दोन. यादीचं पान दिसत असतानाच प्रीकॅशइमेज वापरून मोठा फोटो आधीच आणून ठेवा. किंवा हिरोच्या फ्लाइटशटलबिल्डरमध्ये जिथून निघालो तिथला हिरो द्या, म्हणजे उडतो तो छोटा, आधीच हाताशी असलेला फोटो, आणि पोचल्यावर मोठा त्याची जागा घेतो. मी दुसरा घेतला. दुकानात नेटचा भरवसा नसतो. मात्र पानावरून परत येतानाही हेच फंक्शन चालतं, तेव्हा दिशा तपासून परतीला उलटी निवड करा.

दोन्हीकडचे फोटो एकाच प्रमाणात कापलेले ठेवा. यादीत चौकोनी आणि पुढे आडवा असेल तर मधेच चप्पल ताणल्यासारखी दिसते. काकांच्या नजरेतून ते सुटलं नव्हतं: "ही दहा नंबरची झाली का मधीच?"

फोटोऐवजी अख्खं कार्डच उमलून पान व्हावं असं वाटत असेल तर गूगलच्या फ्लटर टीमचं ॲनिमेशन्स नावाचं पॅकेज घ्या. त्यातल्या ओपनकंटेनरला क्लोज्डबिल्डर म्हणजे कार्ड आणि ओपनबिल्डर म्हणजे पान द्यायचं. ऑर्डरींच्या यादीला, जिथे फोटो नसतात, ते छान बसलं. शेअर्डॲक्सिस आणि फेडथ्रू हीसुद्धा त्याच पॅकेजात मिळतात. वर मी हाताने लिहिलेली तीन पानांची सरकती रांग शेअर्डॲक्सिसने चार ओळींत होते. तरी एकदा हाताने लिहून बघा. बिघडलं तर कुठे हात घालायचा ते कळतं.

टॅब, आणि कट

टॅब बदलताना पुश वापरू नका. पुश केलंत तर मागे जायचं बटण माणसाला आधीच्या टॅबवर, मग त्याच्याही आधीच्या टॅबवर नेत राहतं. इंडेक्स्डस्टॅक वापरा, त्यात प्रत्येक टॅबची स्क्रोलची जागाही टिकते. त्यावर ट्रान्झिशन नसतं, आणि बहुतेक ॲपांना नसलेलंच बरं.

तरी हवंच असेल तर ॲनिमेटेडस्विचर आहे. त्याची ठरलेली तक्रार म्हणजे 'लावलं पण काहीच होत नाही'. जुनं आणि नवं विजेट एकाच प्रकारचं असेल तर त्याला बदल झालाय हेच कळत नाही. प्रत्येकाला वेगळी 'की' (ओळखीची खूण) द्या, उदाहरणार्थ टॅबच्या क्रमांकाची व्हॅल्यूकी.

ट्रान्झिशन नसलेलं बरं, हे कोल्हापूरकराला पटवायला फार शब्द लागू नयेत. प्रभात फिल्म कंपनी १९२९ साली याच गावात सुरू झाली. १९३३ मध्ये ती पुण्याला गेली. सिनेमाच्या संकलनात एक चित्र दुसऱ्यात विरघळवता येतं, काळोखात नेता येतं, पुसून काढता येतं. पण कुठलाही सिनेमा बसून मोजलात तर बहुतेक जोड साधे कट निघतील, आणि विरघळणं काळ किंवा जागा बदलली तिथे राखून ठेवलेलं दिसेल. ॲपमध्ये पैसे भरल्याची पावती, चुकीचा पासवर्ड, लॉगिन झाल्यावरचं पहिलं पान, इथे मी सरळ कट ठेवले.

एकाच जागी ठेवा

वीस ठिकाणी वीस पेजराउटबिल्डर लिहिलेत तर पुढच्या महिन्यात ३०० चे २५० करताना वीस फाइली उघडाव्या लागतील. अख्ख्या ॲपची ठरावीक हालचाल बदलायची असेल तर थीमडेटामध्ये पेजट्रान्झिशन्सथीम असते. तिथे अँड्रॉइडला हा बिल्डर, आयफोनला तो, असा नकाशा द्यायचा. स्वतःचा हवा असेल तर पेजट्रान्झिशन्सबिल्डर या क्लासचा वारस करून त्यात बिल्डट्रान्झिशन्स लिहा. आतला कोड वरच्यासारखाच. मग साधा मटेरियलपेजराउट लिहिला तरी तुमचीच हालचाल मिळते. पानांच्या वाटा सांभाळणारं गोराउटर पॅकेज वापरत असाल तर बिल्डरऐवजी पेजबिल्डर घेऊन त्यातून कस्टमट्रान्झिशनपेज परत करा.

आयफोनबद्दल एक सूचना, आणि ही विसरलात तर आयफोनवाले नक्की बोलतील. डाव्या कडेवरून बोट सरकवून मागे जायची सोय क्युपर्टिनोच्या, म्हणजे फ्लटरमधल्या आयफोन शैलीच्या, राउटबरोबर येते. पेजराउटबिल्डरने उघडलेल्या पानावर ती नसते. म्हणून मी थीममध्ये आयफोनला क्युपर्टिनोपेजट्रान्झिशन्सबिल्डर तसाच ठेवला आणि कलाकुसर फक्त अँड्रॉइडला केली. अँड्रॉइडच्या नव्या आवृत्त्यांतही मागे जाण्याआधी बोट धरून मागचं पान डोकावून बघता येतं. त्यासाठी फ्लटरमध्ये प्रेडिक्टिव्हबॅकपेजट्रान्झिशन्सबिल्डर आहे. जुन्या कोडमध्ये विलपॉपस्कोप असेल तर तो काढून पॉपस्कोप लावा, नाहीतर हे डोकावणं चालत नाही.

अडखळतंय का?

डीबग मोडमध्ये ट्रान्झिशन अडखळलं म्हणून कोड बदलायला धावू नका. डीबग बिल्ड मुळातच संथ असतो. प्रोफाइल मोडमध्ये, खऱ्या फोनवर, आणि शक्यतो स्वस्तातल्या फोनवर बघा. एम्युलेटरवरचा निकाल धरू नका. मी काकांच्या दुकानातल्या मुलाचा फोन घेतो. स्टोरेज भरलेलं, काच तडकलेली. तिथे नीट चाललं तर सगळीकडे चालतं.

हिशेब सरळ आहे. ६० हर्ट्झच्या पडद्यावर एका फ्रेमला साधारण १६ मिलिसेकंद मिळतात. ३०० मिलिसेकंदांच्या ट्रान्झिशनमध्ये १८ फ्रेम. १२० हर्ट्झवर एका फ्रेमला जेमतेम ८. या १८ चित्रांतली चार चुकली तरी डोळ्याला खटकतं. डेव्हटूल्सच्या परफॉर्मन्स पानावर प्रत्येक फ्रेमचा उभा खांब दिसतो. रेघेच्या वर गेलेला खांब कुठल्या कामामुळे गेला ते तिथे शोधा.

बहुतेक वेळा दोष ॲनिमेशनचा नसतो. पान उघडता उघडता त्याच १८ फ्रेममध्ये आपण त्याच्यावर बाकीचा भार टाकलेला असतो. आमच्याकडे फोटो ४००० गुणिले ३००० पिक्सेलचे होते. असा एक फोटो मेमरीत उलगडला की दर पिक्सेलला ४ बाइट धरून ४८ एमबी होतात. कॅशविड्थ, म्हणजे फोटो किती रुंदीत उलगडायचा तो आकडा, ८०० दिली की तोच फोटो २ एमबीच्या आत. फक्त हिरोच्या दोन टोकांना वेगवेगळी कॅशविड्थ दिलीत तर फ्लटर त्यांना दोन वेगळे फोटो समजतो, आणि वर सांगितलेला गायब होण्याचा प्रकार परत येतो.

दुसरा भार म्हणजे बिल्डमध्येच सर्व्हरला केलेली विचारणा. फ्यूचरबिल्डरला दिलेला फ्यूचर बिल्डच्या आत तयार करू नका. इनिटस्टेटमध्ये एकदाच करा. पान पुन्हा बिल्ड झालं की पुन्हा कॉल जातो, आणि उघडतानाच दोनदा लोडिंगचं चक्र दिसतं. नकाशा, लांबलचक शेरे, व्हिडिओ असं जड काही असेल तर ते पान बसल्यावर आणा: मोडलराउट डॉट ऑफ वापरून राउटचं ॲनिमेशन मिळवा आणि त्याची स्थिती कंप्लीटेड झाली की जड भाग दाखवा. ऐकायच्या आधी स्थिती एकदा तपासा. ॲपचं सगळ्यात पहिलं पान सुरुवातीपासूनच कंप्लीटेड असतं. तिथे बदल कधीच घडत नाही आणि जड भाग कायमचा लपून राहतो.

बटण दाबल्यावर आधी साठा आहे का ते सर्व्हरला विचारून मग पान उघडत असाल, तर उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवा. नाहीतर दोनदा दाबणाऱ्याला तेच पान दोनदा मिळतं आणि मागे जाताना तो चक्रावतो.

ज्यांना हालचाल नको आहे

पडद्यावर मोठं काही सरकलं की काही लोकांना खरोखर गरगरतं. फोनच्या ॲक्सेसिबिलिटी सेटिंगमध्ये अँड्रॉइडला ॲनिमेशन काढून टाकण्याची आणि आयफोनला हालचाल कमी करण्याची सोय असते. अँड्रॉइडवर मीडियाक्वेरीमधलं डिसेबलॲनिमेशन्स खरं असेल (आयफोनची सोय फ्लटर रिड्यूसमोशन या वेगळ्या नावाने कळवतो) तर ट्रान्झिशन्सबिल्डरमधून नुसता चाइल्ड परत करा. एका ओळीचं काम आहे. अँड्रॉइडचं ते सेटिंग चालू करून अख्खी ऑर्डर एकदा पूर्ण करून बघा. एखादं पान केवळ ॲनिमेशन संपल्याच्या निरोपावर पुढे सरकत असेल तर ते इथेच पकडलं जातं.

हळू करून बघणं

सगळं बसवल्यावर टाइमडायलेशन ५ करा. हा शेड्युलर लायब्ररीतला एक आकडा आहे. सगळी ॲनिमेशनं पाचपट हळू होतात. ३०० मिलिसेकंदांत न दिसणाऱ्या गोष्टी दीड सेकंदात उघड्या पडतात: हिरोचा कोपरा मधेच गोलाचा चौकोन होणं, वरची पट्टी एक झटका खाणं, मागच्या पानाची पांढरी कड दिसणं. मला यात सात दोष सापडले आणि संध्याकाळी मी खुशीत नवा बिल्ड काकांच्या फोनवर टाकून रंकाळ्यावर फिरायला गेलो.

तासाभरात फोन.

"काय रं मर्दा, ॲप म्हातारं झालं काय? बोट ठिवलं की उठतंय बघ, कण्हत कण्हत."

तो ५ तसाच राहिला होता. आता ती ओळ केडीबगमोडच्या अटीतच लिहितो, आणि रिलीजआधी अख्ख्या प्रोजेक्टमध्ये टाइमडायलेशन शोधून बघतो.